बाळकृष्ण आणि साहेबांची फीत

काशीतल्या पोलिसी नोकरीतलं बरंच काही विसरलो, पण दुर्गाघाटावरची बाळकृष्णाची चोरी आजही जशीच्या तशी आठवते.

एका मराठी शास्त्रीबुवांच्या देवघरातली चांदीची मूर्ती नाहीशी झाली. गुन्हेगारी रक्तातच असते आणि डोक्याच्या आकारावरून ओळखता येते, असं आमच्या गोऱ्या साहेबांचं ठाम मत. गल्लीत दोरखंड विकणारा एकजण सरकारने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातीचा निघाला. साहेबांनी फितीने त्याचं डोकं मोजलं आणि त्याला कोठडीत टाकलं. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. आमचे हवालदार म्हणत, पोटच गुन्हा करायला लावतं. मी संगतीला दोष देई. तिघेही मोठे शहाणे!

दोरखंडवाल्याच्या झोपडीच्या झडतीत काही मिळालं नाही. मग एका गवळ्याने खबर दिली.

"दरोगाजी, काकीजी आजकल रोज मलाई ले जाती हैं. कहती हैं, बच्चे के लिए. अकेली हैं, बच्चा कहाँ से आया?"

या काकू म्हणजे शास्त्रीबुवांच्या शेजारच्या एकट्या विधवा. मी गेलो तेव्हा त्या सोवळ्यात होत्या. त्यांनी मला दारातच अडवलं.

"शिवू नकोस रे. आधी नैवेद्य होऊ दे, मग ने कुठं न्यायचं ते."

"काकू, मूर्ती तुम्ही उचललीत?"

"मग काय करू? बुवांना पंडितांच्या सभेतल्या वादातून फुरसत नाही. संध्याकाळपर्यंत देव पारोसा, उपाशी. लेकरू आहे ते!"

"तुमच्यापायी एक गरीब माणूस कोठडीत आहे."

काकू लगेच देवाकडे वळल्या. "मला कुणी सांगितलंच नाही रे. चल, आत्ताच चल."

बाळकृष्णाला छातीशी धरून त्या तशाच सोवळ्यात ठाण्यावर आल्या. साहेबांनी फीत काढली.

"साहेब, सोवळ्यात आहेत. हात लावता येणार नाही," मी म्हणालो. फीत खिशात गेली.

दोरखंडवाला बाहेर आला. काकूंनी देव माझ्या टेबलावर ठेवला, पायरीवरच्या त्याच्या बायकोचे दोन्ही हात धरले आणि रडत म्हणाल्या, "माफ कर, बेटी." सोवळं गेलं, त्याची शुद्धही त्यांना नव्हती.

शास्त्रीबुवांनी शरमून तक्रार मागे घेतली आणि रोजची पूजा काकूंकडेच सोपवली. माझा त्या बाईंवर फार जीव जडला.

माणूस गुन्हा का करतो, यावर हल्लीही विद्वान माझ्याशी तासन्‌तास बोलतात. मी ऐकून घेतो आणि शेवटी एवढंच म्हणतो, "त्या माणसाला विचारलंत का?"