कोरा सोडलेला समुद्र

अमेरिकेत रेडमंडला नोकरीसाठी आले आणि इथे मला जुन्या नकाशांचं वेड लागलं. डच कारागीर नकाशा तांब्याच्या पत्र्यावर उलटा कोरायचे, कागदावर छापायचे आणि मग कुणीतरी कुंचल्याने एकेका प्रतीत रंग भरायचं. माझ्याकडचा कोकण किनाऱ्याचा. आमच्या गावची खाडी त्यात भलतीकडेच आहे. कोरणाऱ्याने कोकण पाहिलं असेल तर शपथ. प्रांतांच्या कडांना फिकट गुलाबी, हिरवा रंग, समुद्र मात्र कोरा.

बाबा माझ्याकडे राहायला आले ते विसरत विसरतच. आयुष्यभर त्यांनी भूगोल शिकवला, शाळेत मलाही तेच होते. गेला महिनाभर मात्र ते मला "अहो ताई" म्हणत होते. "ताई, चहा मिळेल का?" असं इतक्या अदबीने विचारायचे की मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. त्यांनी मला एकदा तरी लेक म्हणून ओळखावं, एवढंच मला हवं होतं.

एका शनिवारी फ्रेम करायला न्यायचा म्हणून नकाशा डायनिंग टेबलवर काढून ठेवला आणि मी अंघोळीला गेले. परत येऊन बघते तर बाबा भाजीच्या सुरीने माझ्या लेकीची निळी पेन्सिल तासत बसलेले. ती भुकटी कापसाच्या बोळ्याने किनाऱ्यालगत घासत होते, शाळेत आम्हाला शिकवलं होतं तस्संच, कडेला गडद, पुढे फिकं. अर्धा अरबी समुद्र भरून झाला होता.

"बाबा, स्टॉप! शेकडो वर्षं जुना आहे तो!" मी किंचाळलेच. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ओरडतेस काय गधडे? समुद्र कोरा ठेवून नकाशा जमा करतात का? माझी मुलगी आहेस म्हणून मार्क देणार नाही मी."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि उरलेला समुद्र आम्ही दोघांनी मिळून भरला.

फ्रेम करणारी अमेरिकन बाई म्हणाली, हा निळा रंग नंतरचा दिसतोय, हलक्या हाताने काढता येईल. मी नको म्हटलं.

आता नकाशा हॉलमध्ये लावलाय. काल बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते.

"अहो ताई, समुद्र छान भरलाय. कुणी भरला?"

"माझ्या वडिलांनी."

"मास्तर असणार," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "भूगोलाचे."