डब्यातलं चहासारखं तेल

जावयानं माझ्या जुन्या जीपला एक डबा बसवून दिला. कॅच कॅन म्हणतात त्याला. इंजिनपण श्वास सोडतं. त्या वाफेत तेल असतं, ते नळीनं परत इंजिनाच्या तोंडाशी जातं आणि तिथं काजळीचा चिखल करतं. मधे डबा असला की तेल त्यात अडकतं. एवढी वर्षं गाडी चालवली, पण ती काय सोडते ते कधी बघितलं नव्हतं. आता डबा उघडून बघायचा नादच लागला.

जरा जमल्यावर ते तेल गोठ्याच्या मेढींना, लाकडी खांबांना, फासायला घेतलं. वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडं जळकं तेल फासतात. ते काम बायकोचं. गेल्या पावसाळ्यात ती गेली, मेढी तशाच राहिल्या. पण हे तेल लाकडाला धरेचना. नुसते पाण्याचे ओघळ. डब्यात डोकावलो तर दुधाच्या चहासारखा रंग.

मी घाबरलो. तेलात पाणी म्हणजे गॅस्केट गेलं, एवढं मला कळतं. आणि इंजिन उघडायची वेळ आली की जीप भंगारात, असं पोरीनं आधीच सांगून ठेवलेलं. पुढची सीट अजून तिच्या आईच्या बाजूनं दबलेली आहे. ती सीट मी भंगारवाल्याला देणार नव्हतो.

जावयाला फोन लावला.

"मामा, रेडिएटरचं पाणी कमी होतं का?"

"नाय."

"इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून बघितली? तेल कसं आहे?"

"काळं. तेलासारखं."

"गाडी नेता कुठं?"

"गिरणीवर. नाक्यावर."

"मग इंजिन तापतच नाय ना! थंडीत आतली वाफ गार होते, तेच पाणी डब्यात येतं. एकदा लांब न्या, परत बघा."

फोनवर त्याच्या मागून पोरगी ओरडली, "लांब कुठं नेतायत! आई गेल्यापासून नाक्याच्या पुढं गेलेत का?"

"तू गप गो," मी म्हटलं. पण खोटं नव्हतं.

लांबचा आमचा रस्ता एकच. शहापूरवरून किन्हवली, तिथून पुढं मुरबाडकडं बायकोचं माहेर. डबा पुसून कोरडा केला आणि निघालो.

मेव्हणा अंगणातच होता. "दाजी! वाट चुकलात काय?"

"गाडी तापवायला आलो."

"म्हणजे आमच्यासाठी नाय."

"नाय."

तो हसला, मग डोळे पुसत आत गेला आणि भाकरी वाढायला सांगितली. मी जेवलो.

घरी येऊन इंजिन निवायच्या आधीच डबा उघडला. पाणी नाही. तळाला थोडंसं तेल, काळंकुट्ट. बोटावर घेतलं, चिकट होतं. पोरीला फोन करून सांगितलं, गाडी धडधाकट आहे, भंगाराचं नाव काढू नको.

मग ते तेल मेढीला फासलं. लाकडानं लगेच पिऊन टाकलं. अर्ध्या मेढीलापण पुरलं नाही. बाकीच्या मेढींसाठी मुरबाडला बऱ्याच खेपा कराव्या लागणार.