रेंजपर्यंत आणलेला बैल

बायको गेली, तवा मुलगा मला सिंगापूरला घेऊन गेला. आठ महिने राह्यलो. घर अकराव्या मजल्यावर. लिफ्टात, जमिनीखालच्या रेल्वेत, कुठंही फोन बराबर लागायचा. मुलगा खोलीत बसून कॉम्प्युटरवर दुसऱ्याच देशातलं काम करायचा. म्हणलं, मंग मीच का रिकामा बसू? मी तिथून माझी शेती चालवाय लागलो.

शेत जाफराबादकडं. धाकटा भाऊ बघायचा. गावात रेंज न्हाई. टेकडीवरल्या तलावाच्या बांधावर चढलं की यायची. तो तिथून मिस कॉल द्यायचा, मी इकडून लावायचो. कोणत्या पट्टीत कोळपं घालायचं, सगळं मी सांगायचो.

"दादा, तुम्ही तं विलायती मुकादम झाले," तो म्हणायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

एका सकाळी मिस कॉल लवकर आला.

"दादा, पांढऱ्या बैलाचं पोट फुगलंय."

"रवंथ करतो का?"

"मला तं दिसंना. डॉक्टर निघालाय. म्हनला, जागचा हलवू नका."

तो बैल मी वासरापासून वाढवलेला. त्याच्या रवंथाच्या आवाजावरून मला त्याच्या पोटाचं कळायचं.

"बांधावर आण त्याला. फोन तोंडाजवळ धर."

"चढ हाय, दादा. उठाय तयार न्हाई तो."

"डॉक्टरनं वाढवला का मी? आण म्हणलं की आण. जल्दी."

तासाभरानं मी फोन लावला. आवाज बिलकुल साफ. बैलाचा श्वास माझ्या कानात. रवंथ न्हाई, नुसती घरघर. मंग काहीतरी जड पडलं. भाऊ ओरडला, "उठ की रं, उठ!"

मी फोन कानाला धरून उभा. समोरच्या इमारतीत एक बाई बांबूला कपडे अडकवून वाळत घालत होती. तिचे सगळे कपडे होईस्तोवर मी बघत राह्यलो.

डॉक्टर खाली गोठ्यात येऊन थांबला होता. भावानं एवढंच सांगितलं, चिडला न्हाई.

"म्हातारा झालता तो," मी म्हणालो. आठ वर्षांचा होता. दोघांनाबी माहीत.

तीन दिवस मिस कॉल न्हाई. चौथ्या दिवशी आला. कपाशीची कोळपणी कधी धरायची ते मी सांगाय लागलो.

"झाली, दादा. शेजाऱ्याचा बैल घेतला."

कुणाला विचारून, असं तोंडाशी आलं. "बरं केलं," म्हणालो. माझं चुकलं, हे न्हाई म्हणालो.

त्यानंतर तो झालेलं तेवढंच सांगायचा. मी हूं म्हणायचो, फोन ठेवायचो आन लिफ्टनं खाली जाऊन बाकावर बसायचो.