काकांनी दिलेला लॅपटॉप

काकांच्या हातात चार कागद होते आणि त्यांवर मी लिहिलेलं होतं. ते मी अजून कुणालाच दाखवलं नव्हतं. सरांना नाही, मैत्रिणीला नाही, आईलाही नाही. तरी ते छापून, कोपऱ्यात पिन मारून दादरच्या त्या हॉलमध्ये पोचलं होतं.

"हे तूच लिहिलंस ना?"

मी उभी होते. बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. काकू सोफ्यावर. आई स्वयंपाकघराच्या दारात, भांडी अर्धी टाकून आलेली, हात ओले. माझी आई या घरात अकरा वर्षं भांडी, लादी, कपडे करत होती. मी त्यांना काका-काकू म्हणायचे, कारण त्यांनीच तसं म्हणायला शिकवलं होतं.

काकांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. त्यांचा आवाज चांगला आहे. सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन तेच करतात.

"'माझी आई सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत पाणी पीत नाही. प्यायलं की जावं लागतं. ज्या घरातले दोन्ही संडास ती रोज घासते, त्यांतला एकही तिला वापरता येत नाही.'"

एवढं वाचून ते थांबले. काकूंनी आईकडे पाहिलं.

"शोभा, मी तुला कधी नको म्हटलंय का गं? तूच सांग."

आई लादीकडे बघत म्हणाली, "नाय ताई."

खोटं. कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात आईने विचारलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "नाक्यावर सार्वजनिक आहे ना गं." एवढंच. ओरडल्या नाहीत, काही नाही. पण आईने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आपण नको म्हटल्याचं काकूंना आठवायचं कारणही उरलं नाही.

"आमच्याच लॅपटॉपवर बसून आमच्यावरच लिहितेस?" काका म्हणाले. "काढून टाक हे. विषयांना काय तोटा आहे?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "काढते ती, साहेब."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. पण तोंड बंदच राहिलं. ते तेव्हा का उघडलं नाही, याचा राग मला आजही काकांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

आता लॅपटॉपचं सांगते.

विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला. समाजशास्त्र. पहिल्याच दिवशी कळलं की सगळं टाइप करून द्यायचं आहे. मोबाइलवर मी बी.ए. काढलं होतं, अंगठे दुखेपर्यंत. पण इथे वीस-वीस पानं. घरात चर्चा सुरू झाली, घ्यायचा की नाही घ्यायचा. आमची नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली, एकशे साठ फूट. त्यात तीन माणसं आणि ही चर्चा महिनाभर होती. आईची भिशी लागणार होती, पण ते पैसे मोरीच्या कामाला धरलेले. मग एक दिवस आई म्हणाली, साहेबांचा मुलगा परदेशी गेलाय, त्याचा लॅपटॉप पडून आहे, साहेब देतो म्हणतात.

बाबा लगेच म्हणाले, "नको."

बाबा परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते, आता रिटायर आहेत. आमच्या घरात कुणाचं उतरलेलं कधी आलं नाही. साडी नाही, फ्रॉक नाही, दिवाळीचा उरलेला फराळ नाही. आईला मिळायचं, ती तिथेच नम्रपणे नको म्हणायची. आज्याने हे बंद केलं होतं आणि बाबांनी ते पाळलं. आजा म्हणायचा, आपण बुद्धाकडे गेलो ते काही दुसऱ्याचं जुनं नेसायला नाही.

मीच भांडले. म्हटलं, लॅपटॉप म्हणजे काय साडी आहे? यंत्र आहे ते. यंत्राला कुठली जात? एम.ए.वाली होते ना मी. बाबांनी विषय सोडला आणि मला वाटलं मी जिंकले.

काकांनी लॅपटॉप स्वतः पुसून दिला. "सगळं सेट करून दिलंय. यातलं काही बदलू नकोस, बिघडेल." मी बदललं नाही. सात महिने मी त्यावर लिहीत होते. नोट्स, निबंध, शिष्यवृत्तीचे फॉर्म, बाबांच्या शुगरचे रिपोर्ट, सगळं त्यात.

त्या सात महिन्यांत काका अधूनमधून विचारायचे, "काय गं, परवाचा सेमिनार कसा झाला?" मला बरं वाटायचं. आमच्याकडे असं विचारणारं कोण होतं? एकदा आईला म्हणाले, "फॉर्मवर उत्पन्न बरोबर लिहा म्हणावं." एकदा म्हणाले, "बाबांची शुगर फार वाढलीय, भात कमी करा." आई घरी येऊन कौतुकाने सांगायची, साहेबांचं किती लक्ष असतं बघ. पाहुणे आले की मला हॉलमध्ये बोलवायचे. "ही आमच्या शोभाची मुलगी. एम.ए. करते. लॅपटॉप आपणच दिलाय." मी हसायचे. हो, हसायचे. ते लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहिते आहे.

कागद त्यांच्या हातात गेलेच कसे, ते वर्गातल्या मैत्रिणीने दोन मिनिटांत दाखवलं. लॅपटॉपवर खातं काकांचं होतं. मी जे जे साठवायचे, त्याची एक प्रत इंटरनेटवरून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसायची. आणि इंटरनेट? माझ्याच मोबाइलचं. माझ्याच रिचार्जने माझं घर त्यांच्या टेबलावर पोचत होतं. मुद्दाम केलं की चुकून राहिलं, मला माहीत नाही. पहिल्या दिवशी चुकून असेल. पण वाचणं चुकून होत नाही, आणि सात महिने तर नाहीच.

ही वाईट माणसं नव्हती. चौदा एप्रिलला न चुकता शुभेच्छांचा मेसेज करणारी होती. मारलं असतं, शिवी दिली असती, तर मी त्याच दिवशी ओळखलं असतं. मला प्रेमाने वागवलं गेलं, म्हणून ओळखायला सात महिने लागले.

त्या दिवशी हॉलमधून निघाल्यावर आम्ही चालत घरी आलो. आई पुढे, मी मागे. खोलीत शिरल्यावर तिने दार लावलं आणि म्हणाली, "माझं मुतणं तू कागदावर घातलंस. मला विचारलंस?"

मला वाटलं होतं ती काकांबद्दल बोलेल.

"मला विचारलंस का तू? तो नाय विचारत, तू पण नाय विचारत. मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

बाबा बाजेवर बसले होते, ते उठून बाहेर गॅलरीत गेले. मी रडले नाही. रडून सुटण्यासारखं ते नव्हतं. ती खरं बोलत होती. तिच्या पोटात दुखतं, तिला दोनदा मूत्रमार्गाचा त्रास झाला, हे मी घरात बघितलं आणि उचलून निबंधात लावलं. मार्क मिळणार होते मला. तिची लाज, माझं निरीक्षण. काकांनी माझं न विचारता वाचलं, मी तिचं न विचारता लिहिलं.

मी म्हटलं, "आई, चुकलं. काढून टाकते."

ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "आधी वाच. पूर्ण वाच. त्याने अर्धंच वाचलं."

मी वाचलं. चार पानं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. आमच्या चाळीत मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास आहेत, पण कुणी कुणाला नको म्हणत नाही, हे वाक्य आलं तेव्हा तिने मान हलवली. संपल्यावर म्हणाली, "तीनपर्यंत नाय, चारपर्यंत. सणाला पाच. आणि आज मी खोटं बोलले, ते पण लिही. का बोलले ते पण लिही. मला कामाची भीती होती."

"खरंच लिहू?"

"लिही. पण त्यांच्या मशीनवर नको."

भिशीचे पैसे तिने दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातात दिले. मोरी थांबली. बाबा बरोबर आले. लॅमिंग्टन रोडला एका माडीवर जुने लॅपटॉप विकणारं लहान दुकान आहे. दुकानदाराने आधी चकचकीत, पातळ एक पुढे केला. "मॅडम, कॉलेजला हाच चालतो. एकदम स्लिम." उघडला तर पडद्यावर कुणातरी आधीच्या मालकाचं नाव. मी म्हटलं, हा नको. दुसरा जाड, काळा, कुठल्यातरी ऑफिसमधून आलेला. झाकणावर ओरखडे, बॅटरी नवी टाकलेली. कीबोर्ड दाबून बघितला, प्रत्येक बटण. मराठी लिहून बघितलं. मग म्हटलं, "माझ्यासमोर सगळं पुसा."

"पुसलेलंच आहे, मॅडम."

"पुन्हा पुसा. मी बसते."

तो हसला, पण त्याने पुसलं. पाऊण तास गेला. बाबा स्टुलावर बसून पडद्यावरचे आकडे वाढताना बघत होते. शेवटी मशीनने नाव विचारलं. दुकानदाराचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. मी म्हटलं, थांबा. माझं नाव मी स्वतः टाकलं. पासवर्ड टाकताना बाबांनी मान फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं न बघण्याची काळजी घेतली.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर मी दादरला गेले. काकांचा लॅपटॉप टीपॉयवर ठेवला, चार्जरसकट. माझं त्यातलं सगळं मी पुसलं होतं. त्यांच्याकडच्या प्रतीही काढा, असं मी सांगितलं. त्यांनी काढल्या का, मला कळायचा मार्ग नाही.

"एवढं मनाला लावून घेतलंस?" काका म्हणाले. "आम्ही तुला घरातलं समजून बोललो."

"घरातल्यांचंही विचारून वाचतात, काका."

हे वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं. मग आई काकूंकडे वळली. तिचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

"ताई, त्या दिवशी मी खोटं बोलले. तुम्ही नको म्हणाला होतात."

काकूंनी सोफ्यावरची उशी सरळ केली. मग म्हणाल्या, एक तारखेपासून येऊ नकोस.

"एक तारखेपर्यंत तरी कशाला?" आई म्हणाली, आणि चप्पल घातली.

तिला दुसरं काम मिळायला अडीच महिने लागले. ते महिने वाईट गेले, ते मी गोड करून सांगणार नाही. नव्या घरी पगार कमी आहे. पहिल्या दिवशी दारातच तिने विचारलं, बाथरूम कुठलं वापरू? बाई गोंधळली, पण दाखवलं.

निबंध मी दिला. चारऐवजी नऊ पानांचा झाला. सरांनी लिहिलं, भाषा थोडी सौम्य हवी होती. मी सौम्य केली नाही. आता चाळीतल्या आणखी सहा बायकांचं लिहिते आहे. प्रत्येकीला आधी विचारते, लिहिलेलं वाचून दाखवते, ती नको म्हणाली ते तिच्यासमोर खोडते. ती ठेव म्हणाली ते ठेवते. मग ते कुणाच्याही हॉलमध्ये मोठ्याने वाचलं जाऊ दे. त्या वेळी मी तिथे उभी राहणार नाही. खुर्ची ओढून बसेन, आणि काढून टाक म्हणालं कुणी, तर एक अक्षरही काढणार नाही.