पढवलेली साक्ष

ऐंशीच्या दशकात वाशीच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये माझे कायद्याचे खंड पलंगाखाली, कांद्याच्या टोपलीशेजारी असत. सनद मिळाली होती, अक्कल यायची होती. काळ्या कोटातला तेव्हाचा फोटो बघून नात विचारते, "आजी, नाक एवढं वर का?"

त्या नाकाच्या तावडीत जवळच्या पावणे गावची एक विधवा मावशी सापडली. दीर म्हणत होता, घर माझं, ही नुसती आश्रयाला राहिलेली. मावशीच्या साक्षीवर घर राहणार किंवा जाणार होतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "कशावरून घर तुमचं?"

"अगो बाय, लगीन होऊन आले तवापास्नं ही भुई मीच सारवतंय. नवरा गेला तवा त्याचं डोकं माज्या मांडीवर व्हतं नि शेजारीन दारात उबी. तिला इचार."

"मावशी, असलं रडगाणं कोर्टात चालत नाही." काय पण रुबाब!

मग मी शक्कल लढवली. उलटतपासणीत येतील ते प्रश्न आणि त्यांची शुद्ध, इस्त्री केलेली उत्तरं माझ्या आवाजात कॅसेटवर भरली आणि आमचा टेपरेकॉर्डरच तिला नेऊन दिला. भाकऱ्या थापताना ती बिचारी रोज ऐकत बसली.

कोर्टात दिराच्या वकिलांनी माझा क्रम काही पाळला नाही. "मावशी, घराला दारं किती?"

मावशी ताठ उभी राहिली. "माझे पती हयात असताना सदर घरात आमचे वास्तव्य होते."

सदर! सगळं कोर्ट हसलं.

"हे कोणी शिकवलं?"

"वकीलबायच्या टेपनं," ती अभिमानानं म्हणाली.

पढवलेल्या साक्षीदारावर भरवसा ठेवू नये, असं सांगणारे निकाल मीच त्या खंडांत तांबड्या पेन्सिलीनं अधोरेखित केले होते. दिराच्या साक्षीदारांसाठी! शेजारणीला बोलवायचं तर मला सुचलंही नव्हतं.

घर गेलं. मावशी भावाकडे राहायला गेली. तिथूनच एकदा टेपरेकॉर्डर परत द्यायला आली. पदरानं पुसून लख्ख केलेला.

"तुज्या टेपची चूक नाय गो बाय. मलाच समदा पाट झाला नाय."

चूक कोणाची ते मला चांगलं ठाऊक होतं. तोंडही होतं, एरवी चुरूचुरू चालणारं.

"चहा घ्या, मावशी," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.