चर्चमधल्या चांदीच्या दिव्याची चोरी

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर बरीच प्रकरणं विस्मरणात गेली, पण वसईतल्या एका गावच्या चर्चमधून चांदीचा दिवा चोरीला गेला, ती घटना मात्र आजही डोळ्यांसमोर आहे.

वेदीसमोर टांगलेला तो दिवा गावाच्या पूर्वजांनी दिलेला होता. दाराचं कुलूप शाबूत होतं. त्यामुळे संशय गेला तो चावी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सेवकावर. आम्ही त्याला अटक केली नव्हती, फक्त चौकशीला बोलावत होतो. गावाने मात्र त्याच्याकडून चावी काढून घेतली आणि त्याच्याशी बोलणंच सोडलं. ठाण्यातल्या बाकावर तो टोपी मांडीवर ठेवून बसायचा आणि विचारलं तेवढंच सांगायचा. खोटं बोलणारा सहसा जास्त बोलतो, असा माझा अनुभव. त्यामुळे माझं मन त्याला चोर मानायला तयार नव्हतं.

मग तुळिंजच्या एका खबऱ्याने टीप दिली. सातिवलीत ओतकामाच्या एका गाळ्यात सुट्टीच्या दिवशी भट्टी पेटली होती. आम्ही छापा घातला, तेव्हा काळपट लगडी सापडल्या. मालक शांतपणे म्हणाला की हे जस्त आहे, भंगारातून घेतलंय. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर त्याला थांबवून ठेवायला आमच्याकडे आधार नव्हता, आणि तो सुटला असता तर त्याचे साथीदारही पसार झाले असते.

मला कॉलेजातलं प्रात्यक्षिक आठवलं. पंचांना आणि मालकाला घेऊन मी जवळच्या कॉलेजात गेलो. तिथल्या भौतिकशास्त्राच्या बाईंनी एक तुकडा घासून स्वच्छ केला आणि वजन केलं. पाचशे पंधरा ग्रॅम. मग तो दोऱ्याला बांधून मोजपात्रातल्या पाण्यात सोडला. जस्त असतं तर पाणी सत्तर मिलिलिटरच्या वर चढलं असतं. ते चढलं पन्नासच. म्हणजे धातू पाण्याच्या दहापट जड होता, आणि थोडा वरच; चांदी तेवढीच भरते.

"मग शिसं असेल," मालक म्हणाला.

शिसं असतं तर पाणी अजून कमी चढलं असतं, असं बाईंनी सांगितलं. शिवाय शिशावर नखाचा ओरखडा उठतो. मी तुकडा मालकापुढे धरला आणि नख ओढायला सांगितलं. त्याने दोनदा ओढलं. ओरखडा उठेना. तो खाली बसला आणि त्याने पाणी मागितलं.

ठाण्यात त्याने सगळं सांगितलं. चर्चला रंग द्यायला आलेल्या कंत्राटदाराने चावीचा ठसा घेतला होता आणि त्यावरून दुसरी चावी बनवून दिवा पळवला होता. पुढे प्रयोगशाळेनेही चांदीच असल्याचं कळवलं. दिवा वितळला होता, पण सेवक संशयातून सुटला.

फादरांनी रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर गावासमोर तो निर्दोष असल्याचं जाहीर केलं. लोक त्याचे हात धरायला पुढे आले. मी मागे उभा होतो. बाहेर पडताना तो माझ्यापाशी थांबला.

"साहेब, पान्याने सांगितलं ते गावाला पटलं. मी सांगत होतो ते कोणाला पटलं नाय."

चावी त्याने परत घेतली नाही. नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पकडले. पण पोलिसाने निर्दोष माणसालाही तितक्याच घाईने मोकळं करावं, हे मला त्या रविवारी समजलं.