सूपभर कोंड्याला विकलेला

माझा मुलगा बाराव्या दिवशी विकला गेला. घेणारी होती आमच्या दारावर भाजी घेऊन येणारी वारज्याची माळीण, आणि मोल सूपभर कोंडा. त्याच्याआधीची माझी दोन मुलं पाळण्यातूनच गेली होती. एक तापाने, आणि दुसरं कशाने ते वैद्यालाही कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, ज्या घरात मूल टिकत नाही त्या घराने मूल आपलं म्हणू नये. जिची सगळी जगली तिला ते विकून टाकावं, म्हणजे न्यायला येणारा दुसऱ्याचं समजून परत जातो. माळणीची चार होती आणि चारही धट्टीकट्टी. तिने अंगणातून सूप आत सरकवलं, सासूबाईंनी मूल तिच्या ओटीत घातलं, तिने ते थोडा वेळ मांडीवर घेतलं आणि सांभाळायला म्हणून मला परत दिलं. त्या दिवसापासून मी माझ्याच मुलाची दाई झाले.

विकलेल्या मुलाचे नियम पुष्कळ. त्याला नवं कापड घालायचं नाही, चार घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांची अंगडी शिवायची. नाक टोचायचं. नाव असं ठेवायचं की ऐकणाऱ्याने केराबरोबर बाहेर टाकावं. ते मी इथे लिहीत नाही, तो आता मोठा झाला आहे. हे सगळं मी निमूट केलं. एकच नियम माझ्या घशाखाली उतरला नाही. त्याने मला आई म्हणायचं नव्हतं. तो माळणीला आये म्हणणार, आणि मला, धाकट्या दिरांचं ऐकून, वहिनी. शेजारणी समजूत घालत की पुण्यात निम्म्या घरांतून मुलं आईला वहिनीच म्हणतात, त्यात एवढं काय. पण त्यांची मुलं दुसऱ्या कुणाला आई म्हणत नव्हती. पाच वर्षं पुरी झाली की त्याला परत विकत घ्यायचं, असं सासूबाईंनी ठरवलं होतं, आणि त्या पाच वर्षांवर माझा डोळा होता.

माझं मन तेव्हा एका जागी म्हणून ठरत नसे. हे सरकारी दप्तराच्या फडावर कारकून. दसरा झाला की लष्कराबरोबर मुलुखगिरीवर जायचे ते पाऊस तोंडावर आल्यावर परत यायचे. घरात मी, सासूबाई, दीर आणि तो. दुपारी तो निजला की मी दर थोड्या वेळाने उठून त्याच्या नाकाशी हात धरून बघे. हाताला श्वास लागला की चुलीशी येई, चुलीशी आले की वाटे मघाशी नीट पाहिलं नाही, की पुन्हा आत. दूध तर रोज उतू जायचं. सासूबाई म्हणत, आमच्याकडे दूध चुलीलाच पाजतात. त्या म्हणत त्यात खोटं काही नव्हतं.

तरी सुख नव्हतं असं नाही. तो चालायला लागला तेव्हा एका हातात माझा पदर आणि दुसऱ्या हातात काहीतरी खाण्याचं, असा घरभर हिंडे. हत्ती नदीवर पाणी प्यायला जायचे, त्यांच्या घंटा ऐकू आल्या की मी हातातलं टाकून त्याला कडेवर घेऊन दाराशी धावे. एकदा त्याने विचारलं, हत्ती जेवायला बसतो तेव्हा त्याला केवढा पाट लागतो. त्यावर दीर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी मात्र दिवसभर त्या पाटाचाच विचार करत होते. रात्री तो माझी वेणी मुठीत धरून झोपे, आणि कूस बदलायची म्हटलं की मला आधी ती मूठ सोडवावी लागे. मी ती फार वेळा सोडवत नसे.

सकाळी माळीण आली की हे सगळं पुसलं जाई. तिची पाटी अजून गल्लीच्या तोंडाशी असायची आणि हा "आये, आये" करत सुटायचा. ती पाटी उतरवून त्याचं डोकं हुंगायची, त्याला पेरू नाहीतर कोवळी काकडी द्यायची, आणि मग मला विचारायची, माझं लेकरू जेवतंय ना नीट. नियमाने तिला तो हक्क होता. मी वांगी निवडता निवडता म्हणायचे, तुझं लेकरू तुझ्यासारखंच आहे, दिलेलं सगळं संपवतं. ती हसायची. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्याला पाचवं लागलं त्या उन्हाळ्यात वारज्याला देवी आल्या. माळीण यायची बंद झाली. मग तिकडच्या एका गवळ्याकडून कळलं की तिची धाकटी मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आता तिची सगळी जगली असं राहिलं नाही. तो हात आता आपल्या मुलावर नको. पाच वर्षं पुरी व्हायची वाट न बघता त्याला सोडवून आण. शेजारणी आणखी पुढचं बोलल्या, की आमच्या दारावरचं संकट सुपातून तिच्या दारी गेलं. ते ऐकून मी मुलाला आत नेऊन दार लावून घेतलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी आत कुठेतरी मला आनंदही झाला होता, की आता तो मला आई म्हणेल.

देवी गावातून उतरल्यावर मी दिरांबरोबर छकड्यातून निघाले. मांडीवर मुलगा आणि बाजूला गाठोडं; त्यात खण, नारळ आणि सोडवणुकीचा कोंडा. नदी उतरेपर्यंत मी काय बोलायचं ते शंभरदा मनात घोळवलं. मुलगा मात्र आयेकडे जायचं म्हणून छकड्यात उभाच होता.

ती खोपटापुढे बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. इतक्या जुड्या की त्या कुणी नेणार आहे की नाही याचा तिने विचार केला असेलसं वाटलं नाही. मुलगा धावत जाऊन तिच्या मांडीत बसला. तिने त्याला उचललं नाही, जवळही ओढलं नाही. नुसतं त्याच्या डोक्याला नाक लावून बसून राहिली. मग माझ्या गाठोड्याकडे बघून तिने विचारलं,

"न्यायला आलायसा व्हय, वैनी?"

घोकलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण मी म्हटलं, "भाजी का बंद केलीस ते विचारायला आले. आता दुसरी येते, तिची वांगी किडकी निघतात."

तिने पुन्हा एकदा गाठोड्याकडे पाहिलं. आत काय आहे ते तिला न उघडता कळलं असणार. हातातली जुडी बांधून ती म्हणाली, उद्या येते. मी गाठोडं तसंच उचलून परत आणलं.

याला कुणी दया म्हणू नये. मला तिची दया आली, हे खरं. पण भीतीही तितकीच वाटली. एक मूल नुकतंच गेलेल्या बाईच्या मांडीतून दुसरं काढून न्यायचं, आणि मग रात्री त्याच्या नाकाशी हात धरून निजायचं, हे मला झेपलं नसतं. सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दिवस तसे बरे गेले. पुढे त्या दरवर्षी विचारत आणि मी दरवर्षी म्हणे, चाललंय ते ठीक चाललंय, कशाला हात लावा. तो वाढत गेला, आयेशी वाद घालायला लागला, आणि मी वहिनीच राहिले.

आठव्या वर्षी मुंज ठरली तेव्हा मात्र इलाज उरला नाही. मुंजीच्या सकाळी आईने मुलाबरोबर एका ताटात जेवायचं असतं, आणि ते शेवटचंच. त्यानंतर त्याचं ताट वेगळं, पुरुषांच्या पंगतीत. विकलेल्या मुलाबरोबर हे जेवण आई म्हणून कोण जेवणार? म्हणून त्याच दिवशी पहाटे मागच्या अंगणात माळणीला नवं लुगडं, खण, नारळ आणि सूपभर कोंडा देऊन मी त्याला परत घेतलं. तिने त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तुमचं तुमाला पोचलं. सासूबाईंनी त्याला बजावलं की आजपासून हिला आई म्हणायचं. तो बरं म्हणाला.

मग आम्ही ताटावर बसलो. मी घास कालवत होते आणि तो माझ्याकडे न बघता भराभर खात होता.

"आई, तूप फार झालंय," तो म्हणाला.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं आलं, तक्रारीतून. मी भात थोडा वाढवून कालवला. तेवढ्यात भटजींनी उरका म्हणून सांगितलं, आणि ताट उचललं गेलं. तो मला आई म्हणायला लागला आणि माझ्या ताटावरून उठून गेला, दोन्ही एकाच जेवणात.

मी हात धुवायला मागे आले. माळीण आडाजवळच्या दगडावर नवं लुगडं मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, जेवला का. मी म्हटलं, जेवला.

"आता मला काय म्हणायचं त्यानं?" तिने विचारलं.

सासूबाईंनी या व्यवहारात कोंड्यापासून नाक टोचण्यापर्यंत सगळं ठरवलं होतं. हे कुणीच ठरवलं नव्हतं. मी सोवळ्यात होते, तिला शिवलं की पुन्हा आंघोळ आली. मी तिच्याजवळ दगडावर बसले आणि तिचा हात हातात घेतला.

आतून तो हाका मारायला लागला, आई, ये ना लवकर, सगळे थांबलेत.

तिने हात सोडवून घेतला. "जा," ती म्हणाली, "तुमास्नी बोलावतोय."

मी उठले, आडावरची भरलेली घागर डोक्यावर ओतून घेतली आणि तशीच ओलेत्याने आत गेले.